उलट्या वाटेने मेकनपर्यंत

पहिला दिवस : रविवार, १० डिसेंबर २०२३, मॅडिसन

ओटिस रेडिंग या गायकाचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावी झाला. तो मेकन शहरात वाढला, मेम्फिसमध्ये गाऊन नावारूपाला आला आणि वयाच्या २६ व्या वर्षी दूर उत्तरेकडे, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराच्या तळ्यात विमान कोसळून गेला. त्याच्या आठवणींच्या जागा पाहायला निघालेले लोक साहजिकच मेकनपासून सुरुवात करतात. मी शिकागोजवळ राहत असल्यामुळे आम्हाला मात्र शेवट आधी लागला आणि सुरुवात सर्वांत शेवटी.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. मामांनी २८ वर्षे पोलीस बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखे पितळी वाद्य, वाजवले. हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी ते माझ्याकडे आले तेव्हा वाद्य नाशिकला ठेवून आले होते, पण त्याचे माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा भाग, मात्र खिशात घेऊन आले होते, कारण रोज दहा मिनिटे फुंकले नाही तर ओठ उतरतात, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी स्वयंपाक करताना ओटिसची रेकॉर्ड लावली होती. कांदा चिरता चिरता मामांचा हात थांबला. "अरे, याच्यामागे कोरस का नाही?" त्यांनी विचारले. प्रश्न अगदी मर्मावरचा होता. सदर्न सोल म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले गाणे, जे चर्चबाहेर येऊन प्रेमाविषयी आणि विरहाविषयी बोलू लागले. चर्चमध्ये मुख्य गायकाला मागून साथ देणारा समूह असतोच. ओटिसने मात्र ती जागा बहुतांशी ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांना दिली. हे सांगितल्यावर मामांनी कांदा तसाच ठेवला आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. या प्रवासाचे बीज ते.

मॅडिसनला पोहोचलो तेव्हा हवा शून्याच्या आसपास होती. तळ्याचे नाव मोनोना. यंदा हिवाळा सौम्य असल्याने ते अजून गोठले नव्हते आणि करड्या रंगाचे पाणी वाऱ्याने हलत होते. काठावर फ्रँक लॉइड राइट यांच्या आराखड्यावरून बांधलेले मोनोना टेरेस हे सभागृह आहे. त्याच्या गच्चीवरच्या बागेत ओटिसची स्मृतिशिला आणि काही बाके आहेत. ज्या गावाने त्याचे गाणे समोर बसून कधी ऐकलेच नाही, त्या गावाने ही जागा जपली आहे, हे मला वाचून ठाऊक होते. तरी तिथे उभे राहिल्यावर त्याचा अर्थ वेगळा लागला.

१९६७ सालच्या १० डिसेंबरलाही रविवारच होता. आदल्या दिवशी क्लीव्हलँडला दूरचित्रवाणीवर आणि रात्री तिथल्या क्लबात गाऊन ओटिस आपल्या दोन इंजिनांच्या बीचक्राफ्ट विमानाने मॅडिसनकडे निघाला होता. सोबत बार-केज ही साथीदार मंडळी होती, बहुतेक मेम्फिसच्या शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले. दुपारी साडेतीनच्या सुमारास, विमानतळ काही मैलांवर असताना, विमान या तळ्यात पडले. वाचला तो एकटा बेन कॉली, ट्रंपेटवादक. त्याला पोहता येत नव्हते. बैठकीची उशी छातीशी धरून तो त्या बर्फगार पाण्यावर तरंगत राहिला आणि मित्रांच्या हाका ऐकत राहिला. अपघाताचे कारण शेवटपर्यंत निश्चित झाले नाही.

"तिथीनं पाहिलं तर आज नाही," मामा म्हणाले, "पण तारीख आणि वार जुळलेत, तेव्हा चालेल."

तीन वाजता गच्चीवर आमच्याखेरीज सात-आठ माणसे होती. कोणी कार्यक्रम ठरवलेला नव्हता, भाषण नव्हते. मिलवॉकीहून आलेल्या एका जोडप्याने कार्नेशनची फुले आणली होती. ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून नवऱ्याने त्यांच्यावर मोटारीच्या किल्ल्या ठेवल्या आणि नंतर निघताना आठवण राहावी म्हणून बायकोला तसे बजावून ठेवले. एक पंचाहत्तरीचे गृहस्थ होते. १९६७ साली ते इथल्या विद्यापीठात शिकत होते आणि त्या रात्रीच्या कार्यक्रमाचे तिकीट त्यांनी काढले होते. गोरहॅम रस्त्यावरच्या 'द फॅक्टरी' नावाच्या क्लबात तो व्हायचा होता. क्रूर योगायोग असा की, ओटिसच्या आधी वाजवणार असलेल्या स्थानिक बँडचे नाव 'द ग्रिम रीपर्स' होते, म्हणजे आपल्या भाषेत यमदूतच. त्या गृहस्थांनी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. ते तिकीट त्यांनी वीस वर्षे पाकिटात बाळगले आणि पुढे घर बदलताना हरवले. ज्याचा कार्यक्रम पाहिला नाही त्याच्यासाठी दरवर्षी का येता, असे मी विचारले नाही. त्यांनीच आपणहून सांगितले की, पाहिला असता तर कदाचित आले नसते.

साडेतीनला सगळे आपोआप गप्प झाले. मामांनी खिशातून माउथपीस काढले, दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ त्यावर फुंकर घातली, कारण गारठलेले पितळ ओठाला लावले तर कातडी चिकटून येते, आणि मग अगदी हळू आवाजात ओटिसच्या एका संथ गाण्यातला ट्रंपेटचा पीस वाजवला. नुसत्या माउथपीसमधून निघणारा आवाज काही सुरेल नसतो, भुंग्यासारखा असतो. मिलवॉकीची बाई मात्र दुसऱ्या ओळीला ओठ न उघडता गुणगुणू लागली.

दुसरा दिवस : सोमवार, ११ डिसेंबर, रस्त्यावर

मॅडिसन ते मेम्फिस अंतर साधारण १००० किलोमीटर आहे. इलिनॉय राज्याच्या उभ्या लांबीएवढा रस्ता आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेते, यापलीकडे सांगण्यासारखे थोडेच. केरो या उजाड झालेल्या गावाजवळ ओहायो आणि मिसिसिपी यांचा संगम आहे. दोन पाण्यांचे दोन रंग बऱ्याच अंतरापर्यंत वेगळे दिसतात. मामांनी काठावरूनच नमस्कार केला.

वाटेत आम्ही ओटिसची सगळी गाणी सालवार ऐकली. १९६२ ते १९६७, जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द, त्यामुळे ती एका दिवसात मावली. मेम्फिसला ज्या मोटेलात उतरलो तिथली ऊब देणारी यंत्रणा बंद होती. काउंटरवरच्या मुलाने चार ब्लँकेटे दिली आणि क्षमा मागितली. मामा माकडटोपीसह झोपले.

तिसरा दिवस : मंगळवार, १२ डिसेंबर, मेम्फिस

ओटिस ज्या रेकॉर्ड कंपनीसाठी गायला त्या स्टॅक्सची मॅकलमोर अॅव्हेन्यूवरची इमारत पाहिली की ती साठच्या दशकातली वाटते, पण ती मूळ नव्हे. जिम स्ट्युअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल अॅक्स्टन यांनी १९६० साली इथले बंद पडलेले कॅपिटल चित्रपटगृह भाड्याने घेऊन त्यात स्टुडिओ थाटला. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून पुढे 'स्टॅक्स' हे नाव झाले. कंपनी बुडाल्यावर ती वास्तू ओस पडली आणि १९८९ साली पाडण्यात आली. मग त्याच जागी, तसाच दर्शनी भाग आणि वर 'सोल्सव्हिल यूएसए' अशी अक्षरे घालून, २००३ साली संग्रहालय उघडले. पाडून पुन्हा तसेच बांधणे हा खुळेपणा आहे असे मला आधी वाटत असे. शेजारीच मुलांना संगीत शिकवणारी अकादमी आहे आणि तिथल्या पोरांचा घोळका खांद्यावर वाद्यांच्या पेट्या घेऊन आमच्या पुढून गेला, तेव्हा माझे मत बदलले.

संग्रहालयाची सुरुवात एका खऱ्याखुऱ्या चर्चने होते. मिसिसिपीच्या खोऱ्यातले १९०६ चे लाकडी चर्च सोडवून इथे पुन्हा उभारले आहे. पुढे स्टॅक्सचे गायक आयझॅक हेझ यांची सोन्याचा मुलामा दिलेली कॅडिलॅक मोटार फिरत्या चबुतऱ्यावर ठेवली आहे. तिच्यापुढे सर्वांत जास्त गर्दी असते. आम्ही ती ओलांडून स्टुडिओच्या प्रतिकृतीत गेलो आणि तिथे दीड तास राहिलो.

चित्रपटगृहाची जमीन पडद्याकडे उतरती असते. स्ट्युअर्ट यांच्याकडे ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली आणि त्या उतारामुळे जमीन व छत समांतर नसल्याने खोलीत आवाजाचा एक विशिष्ट गुण आला. नव्या इमारतीतही तो उतार मुद्दाम ठेवला आहे. मामांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या टाचांना तो कळला. खाली वाकून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं उभं राहून वाजवायचं म्हणजे वजन पुढच्या पायावर येणार. दम पोटातूनच काढावा लागेल." हे बरोबर आहे की नाही ते मला सांगता येणार नाही, पण इतकी वर्षे ही गाणी ऐकूनही वाजवणाऱ्याच्या पायांचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

सगळे वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवत. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. कागदावर स्वरलेखन फारसे नसे. पितळी वाद्यांनी काय वाजवायचे ते ओटिस स्वतः एकेकासमोर उभा राहून गाऊन दाखवत असे, ट्रंपेटचे वेगळे, टेनर सॅक्सोफोनचे वेगळे. एका गाण्यात तर तो शब्द सोडून तोंडाने हॉर्नचेच बोल म्हणतो. मामांच्या मते हे लग्नाच्या बँडातल्या उस्तादासारखे झाले, ज्याला नोटेशन येत नाही पण बाराही माणसांचे पीस तोंडपाठ असतात. घरच्या वादकांचा जो संच होता, बुकर टी. अँड द एमजीज, त्यात दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे होते. १९६२ चे मेम्फिस लक्षात घेतले तर या दाराच्या आतले आणि बाहेरचे जग किती निराळे असेल याची कल्पना येते.

ओटिस इथे प्रथम आला तो दुसऱ्याचा मोटारचालक म्हणून. जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाचे रेकॉर्डिंग होते आणि त्याच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना नसल्याने ओटिस त्याला मेकनहून घेऊन आला. जेंकिन्सचे काम मनाजोगे झाले नाही. उरलेल्या थोड्या वेळात या उंच, आडदांड तरुणाने एक संथ गाणे म्हटले आणि दिवसाचे फलित तेच ठरले.

आमच्याखेरीज स्टुडिओत एक वयस्क इंग्रज पतिपत्नी होती. १९६७ च्या मार्च महिन्यात स्टॅक्सचे कलावंत युरोपच्या दौऱ्यावर गेले होते आणि लंडनमध्ये फिन्सबरी पार्कच्या नाट्यगृहात झालेल्या कार्यक्रमाला ही बाई, तेव्हा सतरा वर्षांची, घरी मैत्रिणीकडे जाते असे सांगून गेली होती. ओटिस गाताना पाय कसा आपटायचा ते तिने आम्हाला करून दाखवले आणि तिच्या नवऱ्याने, हे पन्नासेक वेळा पाहिले असावे अशा चेहऱ्याने, तिची पर्स धरून ठेवली. त्याच वर्षी इंग्लंडच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या वाचकांनी सर्वोत्तम गायक म्हणून एल्व्हिस प्रेस्ली यांना मागे टाकून ओटिसची निवड केली होती.

तिची एक तक्रार होती आणि ती मला पटली. आज जग ओटिसला ओळखते ते '(सिटिन ऑन) द डॉक ऑफ द बे' या गाण्याने, आणि ते त्याच्या गाण्यांतले सर्वांत कमी त्याच्यासारखे आहे. सॉसालिटोच्या बंदरात एका घरनावेत राहताना त्याला ते सुचले. घशाच्या शस्त्रक्रियेतून उठल्यावर, १९६७ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरात, त्याने ते या स्टुडिओत गायले. शेवटी बोलण्यासाठी राखलेल्या जागेत काय म्हणायचे ते ठरले नव्हते, म्हणून त्याने शीळ घातली. काही दिवसांत तो गेला. सहलेखक स्टीव्ह क्रॉपर यांनी लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घालून मिश्रण पूर्ण केले ते त्याच्या मृत्यूनंतर, आणि मार्च १९६८ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गायकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होऊन त्या स्थानी गेलेले ते पहिले गाणे. म्हणजे जे गाणे सारे जग ऐकते, त्याचे पूर्ण रूप त्याच्या कानावर पडलेच नाही.

"शीळ लिहून ठेवलेली नव्हती ना?" मामांनी खात्री करून घेतली. "मग तो फिलर झाला. जागा रिकामी सोडायची नसते."

१९६८ हे वर्ष स्टॅक्सला एकामागून एक धक्के देणारे ठरले. वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीशी झालेल्या करारातील एका कलमामुळे तोवरच्या ध्वनिफितींची मालकीच हातातून गेली, आणि ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली ती लोरेन मोटेलात, जिथे स्टॅक्सचे लोक नेहमी उतरत, पोहत आणि गाणी रचत. संध्याकाळी तिथे गेलो. आता ते नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर कठड्यावर पांढरे फुलचक्र टांगलेले दिसते. अंगणात उभे राहून पाहिले आणि परतलो.

चौथा दिवस : बुधवार, १३ डिसेंबर, अलाबामा

टेनेसी नदीच्या काठची मसल शोल्स आणि फ्लॉरेन्स ही जोडगावे वाटेवर थोडा वळसा घेऊन लागतात. मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत ओटिसने १९६७ साली आर्थर कॉन्ली या शिष्याचे गाजलेले गाणे निर्माता म्हणून करून घेतले. स्वतःच्या पलीकडे पाहणारा, इतरांना उभे करणारा माणूस म्हणून तो इथे दिसतो. अजून दहा वर्षे मिळाली असती तर कदाचित याच कामात त्याचे नाव अधिक झाले असते, असा माझा अंदाज आहे. मामांना मात्र या गावात वेगळेच दैवत भेटले. 'ब्लूजचे जनक' म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी १८७३ साली फ्लॉरेन्सला जन्मले, आणि ते होते कॉर्नेटवादक. त्यांच्या ओंडक्यांच्या घरापुढे मामांनी माझ्याकडून अकरा छायाचित्रे काढून घेतली. तळ्याकाठी त्यांनी एकही काढू दिले नव्हते.

पाचवा दिवस : गुरुवार, १४ डिसेंबर, मेकन

मेकन हे रुंद रस्त्यांचे, संथ शहर आहे. रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड इथलाच. ऑल्मन ब्रदर्स या रॉक बँडचे चाहते इथे अधिक येतात आणि दुकानांतून त्यांच्याच वस्तू अधिक दिसतात. त्याचे मला थोडे वाईट वाटले, तरी ओटिसचा व्यवस्थापक फिल वॉल्डन यानेच पुढे त्या मंडळींना पुढे आणले, हेही खरे.

डग्लस थिएटर आधी पाहिले. चार्ल्स डग्लस या कृष्णवर्णीय उद्योजकाने ते बांधले, तेही अशा काळात जेव्हा शहरातल्या इतर नाट्यगृहांत त्याच्या लोकांना मानाने बसता येत नव्हते. इथल्या गायन स्पर्धेत ओटिस लागोपाठ १५ वेळा जिंकला; बक्षीस ५ डॉलर. त्याचे वडील हवाई दलाच्या तळावर काम करत आणि प्रवचनेही देत. ते आजारी पडल्यावर ओटिसने शाळा सोडली, विहिरी खणल्या, पेट्रोल पंपावर काम केले. अशा घरात ५ डॉलर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तिथून चालत सिटी ऑडिटोरियमकडे गेलो. तांब्याच्या मोठ्या घुमटाची ही इमारत १९२५ ची आहे. १८ डिसेंबर १९६७ रोजी ओटिसचा अंत्यविधी इथे झाला. आसने सुमारे ३०००, माणसे आली सुमारे ४५००. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जो टेक्स, पर्सी स्लेज, जॉनी टेलर होते, म्हणजे त्या काळच्या दक्षिणेतल्या सोलचे अर्धे दालनच. दार बंद होते. पायऱ्या झाडणाऱ्या बाईंना आम्ही कशासाठी आलो ते मामांच्या माकडटोपीकडे पाहूनही बरोबर समजले. त्यांची आई त्या दिवशी बाहेरच्या गर्दीत उभी होती. आत जायला मिळाले नाही, पण घरी आल्यावर तिने आठवडाभर रेडिओ लावला नाही, इतकेच त्यांना माहीत होते.

ओकमल्गी नदीवरच्या पुलाला ओटिसचे नाव आहे आणि पुलाजवळच्या गेटवे पार्कमध्ये त्याचा बसलेला कांस्य पुतळा आहे. पुतळ्याच्या गुडघ्यावरचा रंग लोकांच्या हातांनी उजळला होता. समोर मोठे बंदर वगैरे काही नाही, गढूळ पाण्याची साधी नदी आहे आणि डोक्यावरून ट्रक जातात. शाळेची एक सहल आली होती. त्याच्या पत्नी झेल्मा रेडिंग यांनी २००७ साली स्थापन केलेली संस्था इथल्या मुलांना गाणे रचायला, वाद्ये वाजवायला शिकवते. ही मुले त्यांपैकी होती की नाही कोण जाणे. त्यातल्या एका मुलाला शीळ घालता येत नव्हती आणि बाकीचे त्याला शिकवत होते. मामा बाकावरून उठून त्यांच्यात गेले, जीभ खालच्या दातांमागे कशी ठेवायची ते त्यांनी खुणांनी दाखवले. तरी त्याला जमले नाही.

सहावा दिवस : शुक्रवार, १५ डिसेंबर, ग्रे

मेकनच्या उत्तरेला राउंड ओक नावाची वस्ती आहे. १९६५ साली ओटिसने तिथे सुमारे ३०० एकर जमीन घेतली आणि तिला 'बिग ओ रँच' असे नाव दिले. त्याची समाधी तिथेच, घराच्या आवारात आहे. जागा कुटुंबाची आहे, खाजगी आहे. फाटकाबाहेर मोटारी थांबवून आत डोकावणाऱ्या चाहत्यांविषयी मी वाचले होते आणि रात्रभर माझे मन दोन्हीकडे ओढत होते, कारण इथवर १८०० किलोमीटर आल्यावर शेवटचे थोडे अंतर सोडून द्यायचे हे जिवावर आले होते. मामांना विचारले.

"अरे, कुणाच्या परसात न बोलावता जातं का कुणी?" ते म्हणाले.

तरीही आम्ही ग्रे या गावापर्यंत गेलो, जिथून राउंड ओकचा रस्ता पुढे उत्तरेला जातो. पेट्रोल पंपावर टाकी भरली. मी पैसे देऊन बाहेर आलो तेव्हा मामा पंपाच्या कडेला त्या रस्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली होती आणि थंडीने त्यांचे कान लाल झाले होते. माउथपीस खिशातच होते. पाइन लाकडाने भरलेला एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. मग त्यांनी टोपी घातली, पंपावरच्या बादलीतला रबरी पुसणा घेऊन आमच्या मोटारीची पुढची काच दोन्ही बाजूंनी पुसली, आणि आम्ही वळून अटलांटाची वाट धरली.